काम, कर्म आणि वेठ : संतरचनांतील श्रमवाचक भाषेचा एक विचार

मराठीतील ‘काम’ हा शब्द संस्कृत ‘कर्म’ या शब्दापासून, प्राकृत ‘कम्म’ या रूपाच्या द्वारा आलेला आहे. याच उच्चाराचा दुसरा ‘काम’ हा शब्द तत्सम असून त्याचा अर्थ इच्छा असा होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द परस्परांचे कोणीही लागत नाहीत. ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ते एकाच उच्चारापाशी येऊन थांबले, एवढेच. परंतु या योगायोगामुळे मराठी भाषिकाच्या शब्दसंग्रहात एक विलक्षण जोडी निर्माण झाली आहे. इच्छेचा त्याग केलेल्या मनुष्यास ‘निष्काम’ म्हणून आपण वंदन करतो, आणि कामास न येणाऱ्या वस्तूस ‘निकामी’ म्हणून फेकून देतो. एका शब्दात गौरव आहे, दुसऱ्यात अवहेलना आहे. मनुष्य जे नित्य करतो त्याचा, आणि त्याला जे हवे असते त्याचा, संबंध काय, हा प्रश्न भाषेने जणू आपल्या पोटात जपून ठेवलेला आहे.

‘व्यवसाय’ या शब्दाचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या शब्दाने निश्चय, बुद्धीची एकाग्र दृढता हा अर्थ व्यक्त होतो. आजच्या मराठीत त्याचा रूढ अर्थ उपजीविकेचा उद्योग असा आहे. निश्चयाचा वाचक असलेला शब्द पोटापाण्याच्या उद्योगाचा वाचक झाला. उद्योग राहिला, पण त्यामागचा निश्चय शब्दातून ओसरला. याच्या अगदी विरुद्ध टोकास ‘वेठ’ हा शब्द उभा आहे. संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आलेला हा शब्द मोबदल्यावाचून आणि संमतीवाचून करून घेतलेल्या श्रमाचा निर्देश करतो. व्यवसायात निश्चय कर्त्याचा असतो. वेठीत निश्चय दुसऱ्याचा आणि श्रम कर्त्याचे असतात.

दैनंदिन कामामागे काही प्रयोजन आहे अशी जाणीव मनुष्याला कशी होते, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाङ्मयात शोधावयाचे झाल्यास वारकरी संतांच्या रचनांकडेच प्रथम वळावे लागते. माळी, सोनार, न्हावी, कुंभार, दासी, महार अशा कष्टकरी जनांनी आपल्या कामाविषयी स्वतःच्या तोंडाने बोलल्याचा एवढा मोठा पुरावा आपल्या प्राचीन वाङ्मयात अन्यत्र मिळत नाही. या सर्वांनी कामात देव पाहिला, असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याची प्रथा पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली आहे. हे विधान असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे एका संतावर अन्याय होतो. या रचनांतील भाषेची घडण तपासली असता असे दिसते की, कामाला अर्थ देण्याच्या त्यांच्या रीती भिन्न आहेत, आणि एका ठिकाणी तर काम अर्थ स्वीकारावयासच तयार नाही.

आरंभीच एक मर्यादा नमूद करणे अवश्य आहे. या रचना दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आल्या. त्यांचे कर्तृत्व आणि पाठ यांविषयी निर्विवाद बोलणे कठीण आहे. म्हणून येथे ‘सावता’, ‘सेना’, ‘जनाबाई’ इत्यादी नावांचा अर्थ त्या त्या नाममुद्रेने प्रसिद्ध असलेली रचना, एवढाच घ्यावयाचा आहे.

१. सिद्धान्ताची भूमिका

या रचनांच्या मागे ज्ञानेश्वरीचा (शके १२१२, इ. स. १२९०) सिद्धान्त उभा आहे. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांवरील विवेचनात ज्ञानेश्वरांनी स्वकर्माला पूजेची योग्यता दिली. विहित कर्म हेच ईश्वराला वाहण्याचे फूल, हा विचार मराठी मनात इतका खोल रुजला की आज त्याचे नावीन्य जाणवेनासे झाले आहे. यज्ञयागाचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्या हातातील अवजारालाच यज्ञसाहित्याची प्रतिष्ठा मिळाली, हे या सिद्धान्ताचे मोठे सामर्थ्य होय.

परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. हा सिद्धान्त काम *कसे* करावे हे सांगतो. *कोणते* करावे हा प्रश्न तो उघडा ठेवीत नाही. कोणाच्या वाट्याला कोणते कर्म यावे, हे जन्माने अगोदरच ठरलेले आहे असे तो गृहीत धरतो. निवड उरते ती वृत्तीची. वृत्तीला प्रवृत्तीची निवड करता येत नाही.

युरोपातील एक समांतर उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने बायबलचे जर्मन भाषांतर केले, तेव्हा ‘बेरुफ’ हा शब्द ऐहिक उद्योग या अर्थाने योजला. या शब्दाच्या मुळाशी ‘हाक’ अथवा ‘पाचारण’ ही कल्पना आहे. माक्स वेबरने १९०४-०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या शब्दाला मध्यवर्ती स्थान दिले. ईश्वराने हाक देऊन नेमलेले काम आणि पोटासाठी करावयाचे काम या दोन कल्पना तेथे एकाच शब्दात सामावल्या. मराठीत असा एक शब्द घडला नाही. मराठीने ते कार्य एका शब्दाकडून न करवता वाक्याकडून करविले. म्हणूनच कामाच्या प्रयोजनाचा मराठी इतिहास शब्दकोशात शोधून भागत नाही. तो वाक्यरचनेत शोधावा लागतो.

२. अर्थ देण्याच्या तीन रीती

पहिली रीत रूपकाची. पंढरपूरचा नरहरी सोनार आणि सेना न्हावी यांच्या प्रसिद्ध अभंगांत ही रीत स्पष्ट दिसते. नरहरीच्या रचनेत सोनाराचे सारे दुकान उघडलेले आहे : बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कात्री, ताजवा. यांपैकी प्रत्येक वस्तूची देह, आत्मा, विवेक, ज्ञान अशा एकेका अमूर्त कल्पनेशी सांगड घातली आहे. सेनाही आपल्या धोकटीतील आरसा, चिमटा व पाणी यांना विवेक, वैराग्य व शांती यांचे अर्थ देतो. या रचनांत व्याकरणदृष्ट्या दोन नामांची जोडणी असते. एक नाम हत्यारांच्या पेटीतले, दुसरे तत्त्वज्ञानातले. तपशील अस्सल आहे, आणि ज्याने ते हत्यार हाताळले आहे त्यालाच सुचेल असा आहे. तरीही या रीतीचा एक परिणाम नजरेआड करता येत नाही. रूपक पूर्ण होताच मूळ काम बाजूला सरते. ताजव्यात ज्ञान आले की सोने तोलावयाचे थांबते. येथे कामाला अर्थ मिळतो तो ते दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह झाल्यामुळे. काम स्वतः साध्य न होता दृष्टान्त होते.

दुसरी रीत तादात्म्याची. अरणच्या सावता माळ्याच्या सर्वश्रुत अभंगात परसातला भाजीपाला आणि विठ्ठल यांच्यामध्ये ‘प्रमाणे’, ‘जणू’ असा कोणताही सेतू नाही. भाजीचे नाव आणि देवाचे नाव शेजारी येतात. आरंभीच्या ओळीत तर मध्ये क्रियापदही येत नाही. संस्कृत व्याकरणात ज्याला नामवाक्य म्हणता येईल अशी ही घडण आहे. नरहरीच्या अभंगात मूस ही *कशाची तरी* मूस आहे. सावत्याच्या अभंगात मिरची ही मिरचीच राहते आणि तरीही ती हरी असते. विहीर, मोट, नाडा आणि दोर यांनी पंढरी वेढून टाकली जाते, पण त्यांपैकी कशाचेही रूपांतर होत नाही. वाफ्याला पाणी पाजणे चालूच राहते. म्हणूनच सावत्याच्या वाट्याला आलेली कृती ही निवडीची कृती ठरते : पंढरपूर फार दूर नसतानाही तो मळा सोडून वारीस जात नाही, असे परंपरा सांगते, आणि विठ्ठलाची पालखीच अरणला त्याच्या भेटीस जाते. वारकरी पंथात वारीला असलेले महत्त्व ध्यानात घेता, न जाण्याच्या या निर्णयाला पंथानेच असा मान द्यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. कामातले प्रयोजन ओळखणे म्हणजे प्रसंगी एखादा पवित्र प्रवासही नाकारता येणे, हे त्यातून सूचित होते.

तिसरी रीत सहकर्तृत्वाची. ही जनाबाईची. गंगाखेडहून आलेली, नामदेवाच्या घरी दासी म्हणून राहिलेली जनाबाई दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेणी वेचणे ही कामे सांगते तेव्हा ती त्यांना कशाचेही रूपक बनवीत नाही, अथवा जात्याला देवही म्हणत नाही. तिच्या वाक्यातील बदल कर्त्याच्या जागी होतो. क्रियापद तेच, कर्म तेच. परंतु कर्ता विठ्ठल असतो, किंवा तिच्याबरोबर विठ्ठल असतो. देव खुंट्याला हात लावतो, देव केर भरतो. जड ओझे दोघांनी उचलल्यासारखे होते.

जनाबाईच्या या रीतीचे मोल विशेष आहे. कारण तिन्ही रीतींमध्ये केवळ हिच्यातच श्रमाचा शीण मान्य केलेला आहे. हात देणारा हवा वाटतो तो ओझे जड असते म्हणूनच. नरहरीच्या दुकानात धग नाही. सावत्याच्या मळ्यात ऊन लागत नाही. जनाबाईच्या घरात मात्र पहाटेचे एकटेपण आहे. जात्यावर बसलेल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेल्या ओव्यांशी तिचे असलेले नाते येथे उघड होते. हेमा राईरकर व गी प्वातवां यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संकलित करविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमुळे या नात्याच्या अभ्यासाला आता भरभक्कम साधन उपलब्ध झाले आहे. त्या ओव्यांतही दळणारी जात्याला, सखीला, पंढरीच्या विठ्ठलाला संबोधून बोलते. कामाला अर्थ येतो तो कामाच्या गुणामुळे नव्हे, तर सोबतीमुळे, हा अनुभव जनाबाईच्या अभंगाने आणि अनाम स्त्रियांच्या ओवीने समान रीतीने सांगितलेला आहे.

३. एक धोक्याची सूचना

कामात देव पाहावा, या शिकवणुकीची कसोटी पाहणारी एक कथा परंपरेनेच सांभाळून ठेवलेली आहे. तेरचा गोरा कुंभार चिखल तुडवीत असता नामस्मरणात इतका तल्लीन झाला की, रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली तुडविले गेले तरी त्याला कळले नाही. महिपतीने ‘भक्तविजय’ (शके १६८४, इ. स. १७६२) या ग्रंथात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. भाविक वाचक कथेच्या शेवटी मूल परत मिळते त्याकडे पाहतो. समीक्षकाने तिच्या मध्यभागाकडे पाहिले पाहिजे. येथे काम आणि भक्ती एकत्र आलेली नाहीत. भक्तीने कामावरचे लक्ष काढून घेतलेले आहे. पाय तुडवीत राहिले, पण पाहणारा तेथे नव्हता.

सावत्याच्या विधानाशी ही कथा ताडून पाहावी. सावत्याला देव भाजीत दिसतो, म्हणून त्याचे डोळे भाजीवर असतात. गोऱ्याला देव अन्यत्र दिसतो, म्हणून चिखलावरचे त्याचे डोळे उठतात. प्रयोजन कामाच्या बाहेर ठेवले की काम यांत्रिक होते, आणि यांत्रिक झालेले काम आपल्याच घरातील जिवावर उठू शकते. परंपरेने ही कथा गोऱ्याच्या गौरवासाठी सांगितली असली, तरी तिने तिच्यातील भय पुसून टाकलेले नाही, यातच तिचे शहाणपण आहे.

४. चोखोबाची वाक्ये

वरील तिन्ही रीती हाताशी घेऊन चोखामेळ्याच्या अभंगांकडे वळल्यास अभ्यासकाची निराशा होते. आणि ही निराशाच प्रस्तुत विवेचनातील सर्वांत महत्त्वाचे प्रमेय आहे. मंगळवेढ्याचा चोखामेळा जातीने महार होता. गावकीची कामे त्याच्या वाट्याला आलेली होती. अन्य संतांप्रमाणे त्यानेही आपल्या कामाच्या वस्तूंमधून रूपके रचावयास हवी होती. तशी ती आढळत नाहीत. दोरी, काठी, ओढावयाचे ढोर यांना विवेक, वैराग्य, ज्ञान अशी नावे देणारा चोखोबा आपल्याला भेटत नाही. देव चोख्याबरोबर ढोरे ओढतो, हे चित्र विशेषेकरून इतर संतांच्या पदांतून रूढ झाले.

मग चोखोबाच्या भाषेत त्याचे काम कोठे आहे? ते संबोधनात आहे. त्याचा ‘जोहार’ पाहावा. जोहार हे हत्याराचे नाव नव्हे. ते खालच्याने वरच्याला करावयाच्या मुजऱ्याचे नाव आहे. नरहरीच्या धंद्याने त्याला नामे दिली, जनाबाईच्या कष्टाने तिला क्रियापदे दिली. चोखोबाच्या कामाने त्याला केवळ एक संबोधन, एक उभे राहण्याची जागा आणि ‘उष्टे’, ‘विटाळ’ असे शब्द दिले. त्याचे काम म्हणजे वस्तूंशी असलेला संबंध नसून माणसांशी असलेला, आणि तोही माणसांनी लादलेला, संबंध आहे. ज्या कामाच्या शब्दसंग्रहात अवजारापेक्षा अपमान अधिक आहे, त्याचे रूपक कशाचे करावयाचे?

म्हणूनच चोखोबाच्या उत्कट रचनांत विधानापेक्षा प्रश्न अधिक येतो. विटाळ कोठून आला, कोणाला नाही, जन्मच असा का दिला, अशी ती पृच्छा आहे. सावत्याचे नामवाक्य शांत आहे. कारण त्याला मळ्यात काही कमी नाही. चोखोबाचे प्रश्नवाक्य अशांत आहे. आणि ती अशांतता भक्तीतील उणीव नसून प्रामाणिकपणा आहे. सोयराबाई आणि कर्ममेळा यांच्या नावे असलेल्या रचनांत हा सूर पुढे चालू राहतो. कर्ममेळ्याच्या ठिकाणी तर तो अधिक तीव्र होतो.

चोखोबाच्या अंताची कथा या वाचनाला पुष्टी देते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक मजुरांसह चोखोबा गाडला गेला (शके १२६०, इ. स. १३३८). ते काम त्याने निवडलेले नव्हते. ती वेठ होती. पुढे नामदेवाने त्याच्या अस्थी त्यांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून ओळखल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ही कथा देवत्वाची खूण हाडांत ठेवते. भिंतीत ठेवीत नाही. सावत्याच्या मळ्यात देव आहे, पण मंगळवेढ्याच्या कुसात देव आहे असे म्हणावयास वारकरी परंपराही धजलेली नाही. ज्या गावाचे रक्षण करणारे कूस तो बांधीत होता, त्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार त्याच्या जातीला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेतल्यास या मौनाचा अर्थ कळतो.

५. समीक्षेचे माप

संतांच्या कार्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते प्रसिद्ध आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात संतचळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. याउलट इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांवर निष्क्रियता वाढविल्याचा आरोप ठेवला. गं. बा. सरदार यांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या ग्रंथात काळाच्या मर्यादा ध्यानात घेऊन मोजमाप करण्याचा समतोल मार्ग दाखविला. या तिन्ही भूमिकांत संत हा एक गट मानलेला आहे. परंतु भाषिक पुराव्यावरून पाहता, कामाच्या प्रश्नापुरते तरी, संत हा एक गट नाही. सावता आणि चोखोबा यांच्यातील अंतर हे प्रतिभेचे किंवा भक्तीचे नसून निवडीचे आहे.

या अंतराचे नेमके नामकरण पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात त्यांनी असे प्रतिपादिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती व्यक्तीच्या निवडीवर आधारलेली नाही. ज्या कामात मनुष्याचे मन नाही आणि बुद्धीही नाही, ते काम त्याच्याकडून नीट होणार नाही. संतांनी जातिव्यवस्थेवर थेट आघात केला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि तरीही १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. ही विसंगती नव्हे. चोखोबाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भक्तीच्या कक्षेत मिळणार नव्हते. पण प्रश्न त्याने विचारला होता, आणि तो त्याच्याच नावाने जतन झाला होता.

उत्तर आले ते वाक्यातून नव्हे, तर कृतीतून. १९२७ साली महाडच्या परिषदेत उष्टे आणि मृत मांस यांचा त्याग करण्याचे आवाहन झाले. १९२८ साली आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा झाला. ‘उष्टे’ आणि ‘जोहार’ या चोखोबाच्या भाषेतील दोन शब्दांना जिवंत व्यवहारातून उठविण्याचेच हे कार्य होते. सावत्याने कामात राहून प्रयोजन शोधले; चोखोबाच्या वारसांना ते काम सोडण्यात सापडले. दोन्ही शोध सारखेच खरे आहेत.

यावरून समीक्षेला एक माप उपलब्ध होते. कामाचा गौरव करणारी कोणतीही रचना वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : कामाची वस्तू रूपकात विरून जाते की तशीच राहते; वाक्याचा कर्ता कोण आहे; आणि काम करणाऱ्याला ते नाकारण्याची मुभा होती काय. पहिल्या दोन गोष्टी व्याकरणाने सांगता येतात. तिसरी इतिहासाकडून विचारून घ्यावी लागते. आणि तिच्याशिवाय पहिल्या दोहोंचा अर्थ पुरा होत नाही. कार्यालयांत आणि कारखान्यांत ‘काम हीच पूजा’ असे फलक आजही लावलेले दिसतात. ते वाक्य सावत्याच्या तोंडी असले तर कविता आहे. ते चोखोबाला उद्देशून दुसऱ्या कोणी म्हटले तर ती आज्ञा आहे. शब्द तेच राहतात. बोलणारा बदलला की अर्थ बदलतो.

संतांच्या नाममुद्रांनी प्रसिद्ध असलेल्या सर्व रचनांतील श्रमवाचक नामे, क्रियापदे आणि संबोधने यांची वेगवेगळी सूची करून त्यांची पाठभेदांसह तुलना करण्याचे कार्य अद्याप विस्ताराने व्हावयाचे आहे. ते झाल्यास वर मांडलेल्या भेदांपैकी काही दृढ होतील, काही सुधारावे लागतील. परंतु ‘काम’ आणि ‘वेठ’ या दोन शब्दांना मराठी भाषेने जसे कधीही एक होऊ दिले नाही, तसे अभ्यासकानेही होऊ देऊ नये, एवढे मात्र निश्चित.